पायात उतरणारी कळ आणि बधिरपणा: नस नेमकी कुठे दबते ते कसे ओळखायचे?

निर्गुंडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कंबरेतून पायात कळ गेली की आपल्याकडे घरबसल्या दोनच निदाने होतात: 'गादी सरकली' नाहीतर 'वात'. गादीचे निदान पुष्कळदा बरोबर निघते, आणि नेमके म्हणूनच बाकीची कारणे नजरेतून निसटतात. पायाकडे येणारी नस कण्यापासून तळव्यापर्यंत कुठेही दबू शकते. नस न दबताही पाय दुखतो, बधिर होतो. कुठे दुखते, कशाने वाढते आणि कुठली हालचाल कमजोर झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर एमआरआयच्या आधीच निम्मे काम होते. हा धागा त्यासाठी.

कागदावर दोन्ही पायांची पुढची आणि मागची बाह्याकृती काढा. कळ जाते तिथे निळ्या पेनाने रेघ ओढा. बधिर वाटते किंवा मुंग्या येतात तो भाग लाल पेनाने रंगवा. बहुतेकांची निळी रेघ मोघम असते, पण लाल डाग नेमका असतो. निदानाला लाल डागाचाच जास्त उपयोग होतो.

आता नकाशा. सायटिक नस म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी जाड नस. ती एल४, एल५, एस१, एस२ आणि एस३ या पाच मुळांची मिळून बनते (मूळ म्हणजे कण्यातून नस जिथे निघते ती जागा; एल म्हणजे कंबरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्याखालचे त्रिकास्थी). दोन मणक्यांमधल्या गादीचा त्रास बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दोन जागी होतो, एल४-एल५ आणि एल५-एस१. त्यामुळे दोन चित्रे पुन्हा पुन्हा दिसतात.

एल५चे मूळ दबले तर कळ कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूने नडगीच्या बाहेर उतरते. बधिरपणा पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्यात असतो. अंगठा वर उचलण्याची ताकद सर्वांत आधी कमी होते.

एस१ दबले तर कळ मांडीच्या आणि पोटरीच्या मागून जाते. पावलाची बाहेरची कड, करंगळी आणि टाच बधिर होते. चवड्यावर उभे राहणे जड जाते. डॉक्टर घोट्यामागे हातोडी मारतात तेव्हा पाऊल उडत नाही किंवा कमी उडते.

एल४ कमी वेळा दबते. त्यात मांडीचा पुढचा भाग, गुडघा आणि नडगीची आतली बाजू दुखते. जिना चढताना गुडघा एकदम वाकतो.

घरी ताकद तपासायची असेल तर तीन गोष्टी पुरतात. टाचांवर दहा पावले चाला (एल४, एल५). भिंतीला बोट टेकवून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर-खाली व्हा, मग दुसऱ्या पायाने तेच करा (एस१). खुर्चीवर बसून अंगठा वर उचला आणि तो दुसऱ्याला बोटाने खाली दाबायला सांगा (एल५). दोन्ही पायांची तुलना करा, एकट्या पायाची ताकद कळत नाही. पोटरीची ताकद हाताने दाबून तर तपासूच नका. तो स्नायू इतका बळकट असतो की अर्धी ताकद गेली तरी हाताला कळत नाही, म्हणून चवड्यावर उभे राहूनच बघायचे.

---

म्हादईकाठ

निर्गुंडीताई, नकाशा उत्तम. पण पुढे जाण्याआधी एक गोष्ट इथेच, ठळक यायला हवी. लोक धागा अर्ध्यात सोडतात.

खालीलपैकी काहीही असेल तर ओपीडीची वाट पाहू नका, १०८ला फोन करा किंवा थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा तातडीचा विभाग गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात:

लघवी तुंबणे, लघवीची जाणीवच न होणे, धार सुरू व्हायला वेळ लागणे किंवा नकळत गळणे. शौचावरचा ताबा जाणे. सायकलच्या खोगिरावर टेकतो तेवढा भाग, म्हणजे गुदद्वार, जननेंद्रिय आणि मांड्यांची आतली बाजू, बधिर होणे. दोन्ही पायांत एकाच वेळी कळ आणि कमजोरी. पाऊल लटकणे, म्हणजे ते वर उचलता न येणे, आणि ते तासागणिक वाढत जाणे.

याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. मोठी गादी मधोमध सरकून एकाच वेळी अनेक मुळे दाबते. त्याच दिवशी एमआरआय आणि शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया लागते. ४८ तासांनंतर लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता घटत जाते, आणि ४८ तास म्हणजे तेवढे थांबायला हरकत नाही असा अर्थ मुळीच नाही. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात २०० मिलीपेक्षा जास्त लघवी उरली असेल तर संशय बळावतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. पेशंटला वाटते की दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ झाले आणि लघवीही त्यामुळेच अडली. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी तसे होऊही शकते. पण ते घरी ठरवायचे नसते. आणि हे प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तरी आपण होऊन सांगा. जांघेतल्या बधिरपणाबद्दल बोलायला लोक लाजतात, बायका तर घरातही सांगत नाहीत.

ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी, पूर्वी कॅन्सर झालेला असणे, स्टिरॉइड चालू असणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांतले काही असेल तर त्याच आठवड्यात तपासणी हवी. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. त्यात खोकला असेलच असे नाही.

---

सुरंगी

खूप उपयोगी धागा, देव बरें करूं. एक विचारते. मांडीची फक्त बाहेरची बाजू, हाताच्या पंजाएवढी, जळजळते आणि बधिर असते. कपडा लागला तरी नको वाटतो. गुडघ्याखाली काहीच नाही. हेही कंबरेतूनच येते का?

---

निर्गुंडी

सुरंगीताई, हे वर्णन मेराल्जिया पॅरेस्थेटिकाचे आहे. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाजवळ, जांघेच्या पट्ट्याखालून मांडीच्या बाहेरच्या त्वचेला जाणारी एक नस असते. ती फक्त स्पर्शाची नस आहे, कुठल्याही स्नायूला ती जात नाही. म्हणून यात पाय कमजोर होत नाही आणि गुडघ्याची हातोडी-तपासणी नॉर्मल येते. या दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर मात्र निदान वेगळे, तेव्हा एल३-एल४कडे बघायचे.

कारणे: घट्ट पट्टा, कमरेत रुतणारी जीन्स, वाढलेले पोट, गरोदरपण, कमरेला लावलेला हत्यारांचा पट्टा. मधुमेहातही जास्त दिसते. पट्टा सैल करणे आणि वजन उतरवणे एवढ्यावर बहुतेकांचे भागते, मात्र वेळ लागतो. गरोदरपणातले सहसा बाळंतपणानंतर जाते. अगदीच असह्य असेल तर नसेजवळ भूल आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. कंबरेचा एमआरआय यात उगीच काढला जातो, आणि मग त्यात दिसलेल्या फुगलेल्या गादीवर उपचार सुरू होतात.

---

जांभा

शेवटच्या वाक्याला जोडून. एमआरआय हा फोटो आहे, निदान नव्हे. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांचे एमआरआय एकत्र पाहणारा एक आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. ऐंशीच्या घरात तेच प्रमाण ८४ टक्के होते. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' लिहिलेले असणे हे केसांत पांढरे दिसण्याइतकेच सामान्य आहे.

रिपोर्ट कसा वाचावा ते सांगतो. 'बल्ज' म्हणजे गादी सगळ्या बाजूंनी थोडी पसरलेली. 'प्रोट्रूजन' म्हणजे एका जागी फुगवटा, त्याचे बूड रुंद. 'एक्स्ट्रूजन' म्हणजे आतला मऊ भाग बाहेर आलेला, आणि 'सिक्वेस्ट्रेशन' म्हणजे त्याचा तुकडा सुटलेला. शेवटचे दोन शब्द वाचून लोक घाबरतात. पण हेच तुकडे शरीर जास्त प्रमाणात शोषून घेते. बाहेर आलेल्या भागाला रक्तातल्या पेशी परका समजतात आणि खाऊन टाकतात. साधा बल्ज मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो.

आता बाजू आणि पातळी जुळवा. एल४-एल५ची गादी सहसा एल५चे मूळ दाबते, एल४चे नाही, कारण एल४ तिथून आधीच बाहेर पडलेले असते. पण गादी अगदी बाहेरच्या कडेला सरकली असेल तर त्याच पातळीवर एल४ सापडते. रिपोर्टमध्ये 'फार लॅटरल' किंवा 'फोरॅमिनल' हे शब्द असतील तर हे ध्यानात घ्या. रिपोर्ट डावीकडची गादी सांगतो आणि कळ उजवीकडे, असे असेल तर ती गादी निर्दोष आहे.

साध्या एक्स-रेत गादीही दिसत नाही आणि नसही. मोडलेला मणका, पुढे घसरलेला मणका, हाडाची झीज दिसते. घसरण तपासायची असेल तर उभे राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून असे एक्स-रे काढायला सांगा. झोपून काढलेल्या फोटोत घसरण कधी कधी लपते.

धोक्याची चिन्हे नसतील तर एमआरआयला सहा आठवडे थांबायला हरकत नाही. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण यांबद्दल आधी सांगा. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करणाऱ्यांनी तर नक्कीच.

---

कोरगुट

माझा भर दुसऱ्या बाजूवर आहे: साखर, रक्तवाहिन्या आणि जीवनसत्त्वे. आयसीएमआर-इंडिआब या मधुमेहाच्या पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. म्हणजे मोठ्या माणसांत जवळपास चौघांमागे एक. त्यामुळे इथे पायाचा बधिरपणा म्हटला की कंबरेइतकाच साखरेचा विचार आधी यायला हवा.

मधुमेहाचा बधिरपणा दोन्ही पायांना एकदम, बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. गादीचा बधिरपणा सहसा एकाच पायात, पट्ट्यासारखा असतो. मधुमेहाची जळजळ रात्री अंथरुणात वाढते. गादीची कळ बसल्यावर, वाकल्यावर, खोकल्या-शिंकल्यावर वाढते.

तपासणी स्वस्त आहे: १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात, आणि १२८ हर्ट्झचा कंपन देणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन कळते का विचारतात. धागा जाणवला नाही तर त्या पायाला जखमेचा धोका आहे. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्या. रोज रात्री तळवे आरशात बघा. एक आणखी, आग्रहाने: मंगेशीला, म्हार्दोळला, कुठल्याही देवळात भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना बधिर पायाला चटका कळत नाही आणि घरी येईपर्यंत तळव्याला फोड आलेला असतो. सकाळी लवकर जा. समुद्रकाठच्या तापलेल्या वाळूलाही हेच लागू. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका.

मधुमेहाचा आणखी एक प्रकार गादीच्या त्रासात हमखास खपून जातो. मांडीच्या पुढच्या भागात एका बाजूला भयंकर दुखते, काही आठवड्यांत मांडी बारीक होते, वजनही झपाट्याने उतरते. याला डायबेटिक अॅमायोट्रॉफी म्हणतात. साखर फार वाढलेली नसतानाही होते. यात कंबरेचे ऑपरेशन करून काही साधत नाही.

बी१२. आपल्याकडे समज असा की ते फक्त शाकाहाऱ्यांना कमी पडते. रोज नुस्ते (मासळी) खाणाऱ्यालाही ते कमी पडू शकते, कारण वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर ते पुरेसे शोषले जात नाही. रक्तात २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये असेल आणि लक्षणे असतील तर मिथाइलमॅलॉनिक अॅसिड तपासून खात्री करतात. नुसते फॉलिक अॅसिड घेत राहिलात तर रक्त सुधारते पण नसांची हानी आत चालूच राहते.

याची उलट बाजू कुणी सांगत नाही. 'नसांची ताकद' म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत बी६ असते. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच पाय बधिर होतात. सगळ्या डब्यांवरची मात्रा मिळवून बघा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांत तेच बी६ दोनदा पोटात जाते.

रोज दारू घेणाऱ्यांत नसा दोन वाटांनी खराब होतात. दारू स्वतः विषारी, आणि जेवण सुटल्याने बी१ कमी पडते. फेणी असो वा विदेशी, फरक नाही. सोडल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग फार मर्यादित.

---

ओवळ

कोरगुट बाब, रक्तवाहिन्यांचे राहिले की. चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबले की बरे वाटते. हे नसांचे की रक्ताचे, कसे ओळखावे?

---

कोरगुट

दोन्हींत माणूस चालता चालता थांबतो, पण थांबून काय करतो ते बघा. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर नुसते उभे राहिले तरी दोन-तीन मिनिटांत पोटरी मोकळी होते. कण्यातला मार्ग अरुंद झाला असेल तर उभे राहून भागत नाही, बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. वाकल्यावर कण्यातली जागा वाढते म्हणून तसे होते. असा माणूस सायकल दामटवतो, बाजारात गाड्यावर ओणवून चालतो, पण रेशनच्या रांगेत उभा राहू शकत नाही.

पणजीत अल्तिनोचा चढ ही चांगली परीक्षा आहे. चढताना पोटरी भरून येत असेल तर धमनीचा संशय, कारण स्नायूंना रक्त जास्त लागते. चढताना बरे आणि उतरताना पाय जड होत असतील तर कण्याचा, कारण उतरताना कंबर मागे झुकते.

धमनीच्या त्रासात पाऊल गार असते, नडगीवरचे केस झडतात, पावलावरची नाडी लागत नाही. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर धमनी अरुंद. मधुमेहात धमन्या कडक होऊन ते १.४च्या वर जाऊ शकते. तो आकडा चांगला नसून फसवा आहे. तंबाखू आणि सिगारेट बंद करणे हा यातला पहिला उपचार.

पाय एकदम गार, पांढरा पडून तीव्र दुखू लागला तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हा तास मोजायचे असतात. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखरी असेल तर शिरेतली गुठळी धरून त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करा, मालिश अजिबात नको. लांब विमानप्रवासानंतर, प्लास्टरनंतर, बाळंतपणानंतर हे विशेष बघावे. आखातातून किंवा बोटीवरून घरी परतणाऱ्या तारवट्यांनी (खलाशांनी) तर नक्कीच.

---

म्हादईकाठ

आता पाऊल लटकण्याबद्दल, कारण इथे कंबरेच्या नावावर गुडघ्याची नस खपते.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाची एक गाठ हाताला लागते. तिच्या मानेवरून कॉमन पेरोनिअल नस अगदी त्वचेखालून जाते. तासन्तास उकिडवे बसल्याने ती ताणली आणि दाबली जाते. शेतात खुरपणी, काजूच्या बागेत बोंडू वेचणे, मासळी बाजारात किंवा घरी आदोळीवर (विळीवर) बसून ढीगभर मासळी कापणे, फरशी बसवणे, ही सगळी त्या नसेवर ताण आणणारी कामे. पायावर पाय टाकून बसणे, घट्ट प्लास्टर, आजारपणात झपाट्याने उतरलेले वजन हीसुद्धा कारणे. पाऊल उचलले जात नाही, चालताना चप्पल घासते, पावलाच्या वर बधिरपणा येतो. हुबेहूब एल५सारखे.

फरक असा ओळखायचा. बसून पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा, तळवा दुसऱ्या पायाकडे बघेल असे. पेरोनिअल नस दबलेली असेल तर ही हालचाल शाबूत असते, कारण ती दुसऱ्या नसेकडे आहे. एल५चे मूळ दबले असेल तर हीदेखील कमजोर पडते. कुशीवर झोपून वरचा पाय छताकडे उचलणे हीही एल५ची हालचाल, पेरोनिअलमध्ये ती ठीक असते. शिवाय पेरोनिअलमध्ये कंबर दुखत नाही आणि त्या गाठीवर टिचकी मारली तर पावलात झिणझिण्या उतरतात.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून विजेचा संदेश कसा जातो ते बघणारी तपासणी) पहिल्या आठवड्यात घाईने केली तर फसवी नॉर्मल येऊ शकते. सुमारे तीन आठवड्यांनी केलेली तपासणी अर्थपूर्ण असते. गादीच्या त्रासात तर स्पर्शाच्या नसांचा आलेख नॉर्मलच येतो, कारण दाब त्या नसेच्या पेशीच्या आतल्या बाजूला, कण्याकडे असतो. ईएमजीची, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीची, सुई टोचल्यावरच मूळ सापडते. 'टेस्ट नॉर्मल म्हणजे काही नाही' हा निष्कर्ष म्हणून चुकीचा.

---

निर्गुंडी

याला जोडून कुष्ठरोगाचे नाव घेतेच. देशपातळीवर २००५च्या अखेरीस त्याचे प्रमाण दहा हजारांमागे एकापेक्षा खाली आले, पण रोग संपलेला नाही. फिक्कट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या त्याच जागी नस दोरीसारखी जाड लागते, असे असेल तर त्वचारोग विभागात जा. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. लवकर सुरू झाले तर पाऊल वाचते. यात लपवण्यासारखे काही नाही.

आणखी एक फसवे कारण नागीण. कंबरेपासून पायात पट्ट्यासारखी आग होते, आणि फोड दोन-चार दिवसांनी येतात. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळी सुरू करायची असते. त्यामुळे नव्या कळेत पाय आणि पाठ रोज उजेडात बघा.

कुल्ल्यातल्या इंजेक्शननंतर लगेच पायात वीज गेल्यासारखे झाले आणि पाऊल कमजोर पडले, तर सुई सायटिक नसेजवळ गेली असे समजून लगेच न्यूरॉलॉजीकडे जायचे. इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच द्यायचे असते. बारीक माणसांत आणि मुलांत धोका जास्त.

---

सुरंगी

पिरिफॉर्मिसबद्दल, म्हणजे कुल्ल्यातल्या त्या खोल स्नायूबद्दल, कुणीच लिहिले नाही. इंटरनेटवर तर प्रत्येकाला तोच असतो. आणि जांघेत दुखून गुडघ्यापर्यंत येते, ते काय?

---

म्हादईकाठ

मुद्दाम मागे ठेवले होते. कुल्ल्यातल्या खोल स्नायूंमध्ये सायटिक नस दबते हे खरे. मागच्या खिशातले जाड पाकीट आणि तासन्तास कडक सीटवर बसणे यांनी वाढते, म्हणून मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलट मंडळींनी आणि लांबून रोज स्कूटरवर ये-जा करणाऱ्यांनी पाकीट पुढे ठेवावे. पण माझे स्पष्ट मत आहे की हे निदान गरजेपेक्षा फार जास्त वेळा होते. कंबर, माकडहाडाचा सांधा आणि खुबा हे तिन्ही निर्दोष ठरल्यावरच त्याच्याकडे वळावे. कुल्ल्यात दाबल्यावर दुखते एवढ्यावरून ते ठरत नाही, गादीच्या त्रासातही तिथे दुखतेच.

जांघेत दुखून गुडघ्यापर्यंत येणारे दुखणे खुब्याचे धरून चाला. खुणा: मोजे घालता येत नाहीत, मांडी घालून बसता येत नाही, खुर्चीत बसून पाऊल बाहेर वळवले की जांघेत कळ येते. बधिरपणा नसतो. एक्स-रे खुब्याचा काढा. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही, तर ते तिथल्या स्नायूबंधाचे, बायकांत चाळिशीनंतर जास्त. तेही मांडीच्या बाहेरून उतरते, पण सहसा गुडघ्याखाली जात नाही.

पाय सरळ उचलण्याची तपासणीही लोक चुकीची वाचतात. पाठीवर झोपून दुसऱ्याने गुडघा सरळ ठेवत पाय उचलायचा. ३० ते ७० अंशांत गुडघ्याखाली कळ उतरली तर नसेचा ताण. नुसती मांडीची मागची शीर ताणली गेली तर तो स्नायूचा आखडलेपणा आहे. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर गादीचे निदान जवळपास पक्के.

---

ओवळ

आणि उपचार? सहा आठवडे थांबायचे म्हणजे काय करायचे?

---

निर्गुंडी

झोपून राहायचे नाही. असह्य असेल तर एक-दोन दिवस, त्यापुढे अंथरुणाने फायदा होत नाही. पाच-दहा मिनिटांचे चालणे दिवसातून पाच-सहा वेळा, कळ गुडघ्याखाली उतरू लागण्याच्या आत थांबायचे. बसणे एका वेळी वीस-तीस मिनिटे. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी. वाकून घागर, सिलिंडर उचलणे बंद.

कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल तर कंबर जास्त दुखली तरी ते सुधारण्याचे लक्षण. खाली सरकत असेल तर जो व्यायाम चालू आहे तो थांबवा. पालथे झोपून कोपरांवर उठणे गादीच्या पुष्कळ पेशंटना मानवते, कण्याचा मार्ग अरुंद असलेल्यांना तोच व्यायाम त्रास देतो. त्यांना गुडघे छातीशी घेणे मानवते. म्हणून व्हिडिओ बघून व्यायाम निवडू नका.

गोळ्या: दोन वेदनाशामके एकत्र नकोत. डायक्लोफेनॅक आणि अॅसिक्लोफेनॅक ही एकाच घराण्यातली. रक्तदाबाची गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना वर हे घेतले, आणि त्यात जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंड बंद पडू शकते. प्रीगाबालिन सर्रास दिले जाते. सायटिकात, म्हणजे सायटिक नसेच्या कळेत, ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही, असे २०१७च्या चाचणीत दिसले, आणि ब्रिटनच्या २०२०च्या मार्गदर्शनात सायटिकासाठी ते सुरू करू नका असे आहे. मधुमेहाच्या जळजळीत मात्र त्याचा उपयोग होतो. आधीपासून चालू असेल तर एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करतात. घेऊन स्कूटर चालवू नका.

'नस चढली' म्हणून पाठीवर पाय देऊन तुडवून घेणे, झटका देऊन कंबर मोडून घेणे, हे टाळा. हलकी मालिश करायला हरकत नाही.

ऑपरेशनबद्दल एक आकडा पुरेसा बोलका आहे. हॉलंडमध्ये २८३ पेशंटवर झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. एक वर्षाने दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे झाल्याचे सांगत होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात ऑपरेशन करावे लागले. म्हणजे ऑपरेशन लवकर आराम देते, आणि वाट पाहणे हाही रास्त पर्याय आहे. वाढती कमजोरी किंवा लघवीचा त्रास असेल तर हा हिशेब लागू नाही.

---

जांभा

दाखवायला जाताना जवळ काय न्यायचे ते लिहून ठेवतो. निळ्या-लाल रेघांचा तो कागद. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिकसुद्धा. एचबीए१सी (साखरेची सरासरी), बी१२, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) यांचे अलीकडचे रिपोर्ट. एमआरआय झाला असेल तर फिल्म किंवा सीडी, नुसता कागद नको, सर्जनला चित्र स्वतः बघायचे असते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे (गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचे) कार्ड. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातून बांबोळीला पाठवत असतील तर चिठ्ठीवर कुठला स्नायू किती कमजोर ते ० ते ५ या मापात (० म्हणजे हालचालच नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद) लिहून मागा. तिथे पुन्हा तपासल्यावर आकडा उतरलेला दिसला तर निर्णय लवकर होतो.

---

सुरंगी

पाऊल लटकलेले असताना स्कूटर चालवता येईल का? घोट्याचा पट्टा किती दिवस?

---

म्हादईकाठ

नाही. सिग्नलला थांबताना ते पाऊल जमिनीवर नीट टेकत नाही आणि पडायला होते. गियरच्या मोटरसायकलीत उजव्या पायाकडे ब्रेक असतो, कारमध्ये ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही. पट्टा म्हणजे एल आकाराचा प्लास्टिकचा आधार, पाऊल ९० अंशांत धरणारा. तो बुटाच्या आत घालतात, चपलेत बसत नाही. पायाचे माप घेऊन बनवलेला घ्या. बधिर पायाला तो रुततो ते कळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढा आणि त्वचा बघा. लालपणा वीस मिनिटांत गेला नाही तर तो ज्याने बनवला त्याच्याकडून घासून घ्या. पावसात आतला मोजा भिजला तर लगेच बदला. किती दिवस ते ताकदीवर ठरते: बसून पाऊल वर उचलता येऊ लागले आणि हाताच्या दाबालाही ते टिकू लागले की घरात काढून चालायला सुरुवात, बाहेर अजून काही आठवडे घालूनच. तोवर रोज घोटा हाताने वर-खाली करत राहा, नाहीतर मागची शीर आखडते आणि ताकद परत आली तरी पाऊल वर येत नाही.